आधी ओळख, मग उतारा

आपल्या वर्गातल्या इतिहासाच्या प्रकल्पवह्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या, तर काही वाक्ये जवळजवळ प्रत्येक वहीत सापडतात. ‘असे म्हटले जाते’, ‘इतिहासकारांच्या मते’, ‘एका पुस्तकात लिहिले आहे’, ‘गूगलवरील माहितीनुसार’. लिहिणाऱ्याला वाटते, की आपण संदर्भ दिला. वाचणाऱ्याला मात्र काहीच कळत नाही. कोण म्हणते? कोणते इतिहासकार? पुस्तक कोणी आणि केव्हा लिहिले? गूगल तर कधी काही लिहितच नाही, ते फक्त दुसऱ्याच्या दाराशी नेऊन सोडते.

संदर्भ शोधणे आपल्याला हळूहळू जमते. ग्रंथालय आहे, सर आहेत, संगणक कक्ष आहे. अडते ते पुढे. सापडलेला संदर्भ आपल्या लेखात आणायचा कसा, त्याची वाचकाशी ओळख करून द्यायची कशी, आणि त्याचे बोलून झाल्यावर आपण काय बोलायचे, हे फारसे कोणी सांगत नाही. या लेखात तेवढेच सांगायचे आहे. उदाहरण मात्र एकच घेतो, कारण एका उदाहरणावर नीट काम केले तर पद्धत लक्षात राहते.

पहाऱ्याचा सराव आपण सर्वांनी केला आहे. अंधारातून कोणी आले तर पहारेकरी ‘थम! कौन आता है?’ असे विचारतो. समोरचा ओळखीचा वाटला तरी विचारतो. ओळख पटल्याशिवाय आत सोडत नाही. लेखात येणाऱ्या प्रत्येक उताऱ्यालाही हाच नियम लावायचा.

विषय आणि जागा

माझे घर काशीत ब्रह्मा घाटावर आहे. काशीत घाटांना लागून असलेल्या काही गल्ल्यांत मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. ब्रह्मा घाट, त्याला लागून असलेला दुर्गा घाट आणि पुढचा पंचगंगा घाट हा त्यातलाच भाग. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर बनारसी हिंदी, असा आमचा व्यवहार. रायगडावर ६ जून १६७४ रोजी शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट काशीचे, आणि त्यांचे घराणे मूळ पैठणचे. म्हणजे मराठी माणसाचे काशीला येणेजाणे पेशव्यांच्याही आधीचे आहे.

सुट्टीतल्या प्रकल्पाचा विषय होता ‘आपल्या शहरात जन्मलेला एक सेनानी’. काशीच्या कॅडेटसमोर पहिले नाव येते ते झांशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे. त्यांचा जन्म काशीचा. माहेरचे नाव मणिकर्णिका तांबे. वडील मोरोपंत तांबे हे दुसऱ्या बाजीरावाचे भाऊ चिमाजी आप्पा यांच्या पदरी होते. जन्मस्थानाचे स्मारक अस्सीजवळ भदैनीत आहे. आमच्या घाटावरून नदीच्या कडेने दक्षिणेला चालत गेलो, तर वाटेत मणिकर्णिका घाट लागतो आणि शेवटी भदैनी.

प्रकल्पाच्या पहिल्याच ओळीत जन्मतारीख लिहावी लागते, आणि गाडी तिथेच अडते. काही पुस्तकांत १९ नोव्हेंबर १८२८ आहे, काहींत १९ नोव्हेंबर १८३५. दिवस आणि महिना तोच, वर्षांत सात वर्षांचे अंतर. एक तारीख निवडून पुढे जाता येते. बहुतेक जण तेच करतात. पण मग १८५८ च्या एप्रिलमध्ये झांशीच्या तटावर उभी असलेली राणी २९ वर्षांची होती की २२ वर्षांची, हे आपण नकळत ठरवून टाकतो, आणि कशावरून ठरवले ते वाचकाला सांगत नाही.

तीन साक्षीदार

राणीबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. त्यांतले तिघे इथे पुरेत, कारण तिघेही वेगवेगळ्या जातीचे साक्षीदार आहेत.

पहिला जॉन लँग. ऑस्ट्रेलियात जन्मलेला हा वकील हिंदुस्थानात वकिली करत असे. कंपनी सरकारविरुद्धचा एक गाजलेला खटला त्याने जिंकून दिला होता. गंगाधरराव नोव्हेंबर १८५३ मध्ये वारले. कंपनीने दत्तकपुत्र दामोदररावाचा वारसा नाकारला. तेव्हा, १८५४ मध्ये, राणीने सल्ल्यासाठी लँगला झांशीला बोलावले. तो आला, पडद्याआड बसलेल्या राणीशी बोलला, आणि लहानग्या दामोदररावाने पडदा बाजूला केला तेव्हा त्याला ती क्षणभर दिसली. हे सारे त्याने ‘वाँडरिंग्ज इन इंडिया’ या इंग्रजी पुस्तकात लिहिले. ते १८५९ मध्ये प्रसिद्ध झाले.

दुसरे विष्णुभट गोडसे. हे पेणजवळच्या वरसईचे भिक्षुक. घरची ओढग्रस्त होती म्हणून १८५७ मध्ये काकांबरोबर दक्षिणा मिळवायला उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. सर ह्यू रोजच्या फौजेने झांशीला वेढा घातला आणि शहर घेतले, तेव्हा ते शहरातच होते. त्यांचे ‘माझा प्रवास’ मराठी वाचकाला ठाऊक असते.

तिसरे दत्तात्रेय बळवंत पारसनीस. त्यांचा जन्म १८७० चा, म्हणजे राणीच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी. त्यांनी राणीचे मराठी चरित्र १८९४ मध्ये प्रसिद्ध केले. राणीला त्यांनी पाहिले नव्हते. त्यांचे काम कागद जमवण्याचे आणि माहीतगारांना विचारण्याचे.

आता विचार करा. ‘लँग, गोडसे आणि पारसनीस यांच्या मते’ असे तिघांना एका ओळीत उभे केले, तर वाचकाला तिघे सारखे वाटतील. एकाने क्षणभर पाहिले, एकाने वेढ्यातली झांशी सोसली, एकाने नंतर शोधून काढले. ही तफावत सांगणे म्हणजेच ओळख करून देणे.

ओळख करून देताना चार प्रश्न

उतारा लिहिण्याआधी चार प्रश्न स्वतःला विचारावेत. उत्तरे एका किंवा दोन वाक्यांत मावतात.

१. हा कोण? नाव पुरत नाही. त्या घटनेशी त्याचा संबंध काय, हे हवे. ‘जॉन लँग म्हणतो’ यापेक्षा ‘राणीने सल्ल्यासाठी बोलावलेला वकील जॉन लँग म्हणतो’ हे वाक्य जास्त काम करते. तो राणीच्या बाजूचा होता, हेही त्यातून कळते.

२. याने पाहिले, की ऐकले? एकच माणूस एका गोष्टीचा प्रत्यक्षदर्शी असतो आणि दुसऱ्या गोष्टीचा नसतो. गोडसे भटजी झांशीच्या लुटीबद्दल लिहितात ते डोळ्यांनी पाहिलेले आहे. काल्पीच्या वाटेवर राणीची भेट झाल्याचे ते सांगतात तेही स्वतःचे. पण जून १८५८ मध्ये राणी ग्वाल्हेरजवळ लढताना पडली, तेव्हा ते रणांगणावर नव्हते. तो भाग त्यांच्या कानावर आलेला आहे. म्हणून ‘प्रत्यक्षदर्शी गोडसे भटजी’ हे बिरूद सबंध पुस्तकाला एकदाच चिकटवून चालत नाही. प्रत्येक प्रसंगाला पुन्हा विचारावे लागते.

३. केव्हा लिहिले? लँगची भेट १८५४ ची, पुस्तक १८५९ चे. मधे १८५७ घडले आणि राणीचे नाव इंग्लंडातल्या वाचकांपर्यंत पोचले होते. गोडसे भटजींनी प्रवासाच्या आठवणी लिहून काढल्या त्या सुमारे पंचवीस वर्षांनी. म्हणून ते खोटे ठरत नाहीत. पण वाचकाला अंतर माहीत असले पाहिजे.

४. आपल्या हातात आहे ते कोणाचे लिखाण? हा प्रश्न आपण सर्वांत कमी विचारतो. ‘माझा प्रवास’ पहिल्यांदा १९०७ मध्ये छापले गेले, ते चिंतामणराव वैद्य यांनी संपादन करून. वैद्यांनी त्यात काटछाट केली आणि फेरफारही केले. मूळ हस्तलिखितावरून तयार केलेली आवृत्ती महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये आणली. म्हणजे जवळजवळ साठ वर्षे वाचक ज्याला गोडसे भटजींचा शब्द समजत होते, त्यात संपादकाचा हात मिसळलेला होता. म्हणून ‘माझा प्रवास’ मधून उतारा घेताना आवृत्ती कोणती, ते लिहिलेच पाहिजे. आवृत्तीचे वर्ष हा शेवटी घालायचा तपशील नाही. साक्ष कोणाची, हे त्यावरून ठरते.

क्रियापद नीट निवडा

इंग्रजी निबंध शिकवताना सर सांगतात, की प्रत्येक संदर्भाला ‘सेज’ लावू नका. मराठीत आपण तसेच सगळीकडे ‘म्हणतात’ लावतो. खरे तर आपल्या भाषेत यासाठी चांगली सोय आहे.

पाहिलेले असेल तर ‘पाहिले असे लिहितो’. कागदावरून घेतले असेल तर ‘नोंदवतो’. दुसऱ्याकडून कळले असेल तर ‘ऐकल्याचे सांगतो’. पुरावा अपुरा असताना काढलेला आकडा असेल तर ‘अंदाज करतो’. दोन मतांतले एक धरले असेल तर ‘असे मानतो’. ही क्रियापदे अदलाबदल करून वापरली, की अर्थ बिघडतो. ऐकीव गोष्टीला ‘सिद्ध करतो’ लावले तर आपण वाचकाची फसवणूक केली.

आणि एक छोटा शब्द आपल्या आज्यांच्या बोलण्यात नेहमी असतो: ‘म्हणे’. ‘तो म्हणे फार हुशार होता.’ हा ‘म्हणे’ लावला, की ऐकणाऱ्याला लगेच कळते, हे आजीने पाहिलेले नाही, तिच्या कानावर आलेले आहे. बोलताना आपण हा शब्द अचूक वापरतो. वहीत लिहायला बसलो, की तो गावठी वाटतो म्हणून गाळतो, आणि ऐकीव गोष्ट पक्की होऊन बसते. निबंधात ‘म्हणे’ लिहायला हवा असे नाही, पण त्याचे काम करणारे शब्द हवेत.

तोच उतारा, दोन प्रकारे

लँगच्या पुस्तकात वयाचा उल्लेख आहे. तो आपल्या प्रश्नाला थेट लागू पडतो. वहीत तो असा आणता येईल:

कच्चे वाक्य: ‘जॉन लँगच्या मते राणी २६-२७ वर्षांची होती.’

पक्के वाक्य: ‘राणीने १८५४ मध्ये सल्ल्यासाठी बोलावलेला वकील जॉन लँग आपल्या १८५९ च्या पुस्तकात लिहितो, की राणी सव्वीस-सत्तावीस वर्षांची आहे असे त्याला भेटीआधी वकिलाने सांगितले होते. म्हणजे हे वय लँगने स्वतः ठरवलेले नाही, दरबाराच्या माणसाकडून त्याला कळलेले आहे.’

दुसरे वाक्य लांब आहे, पण त्यात वाचकाला तपासता येईल असे सर्व काही आहे. सांगणारा लँग नव्हे, वकील, ही गोष्ट त्यात दिसते. पहिल्या वाक्यात ती हरवली होती.

इथेच थांबायचे नाही. उतारा दिल्यावर निदान एक वाक्य आपले हवे. ‘१८२८ चा जन्म धरला तर १८५४ मध्ये राणीचे वय २५-२६ येते, आणि १८३५ चा धरला तर १८-१९. वकिलाने सांगितलेले वय पहिल्या वर्षाशी जुळते.’ हे वाक्य लँगचे नाही, माझे आहे. त्याची साक्ष मी कशासाठी बोलावली, ते यात कळते. उतारा टाकून पुढे निघून जाणे म्हणजे साक्षीदाराला पिंजऱ्यात उभे करून वकील निघून गेल्यासारखे.

शब्दशः उतारा कधी घ्यावा आणि आपल्या शब्दांत सार कधी सांगावे, हाही प्रश्न नेहमी येतो. शब्दच महत्त्वाचे असतील तर शब्दशः, अवतरणचिन्हांत. माहिती महत्त्वाची असेल तर आपल्या शब्दांत. भाषांतर आपण केले असेल तर तसे लिहावे. आपल्या शब्दांत लिहिले म्हणजे नाव द्यायला नको, असा समज मात्र चुकीचा आहे. शब्द बदलले तरी माहिती त्याचीच असते.

एक तिथी, दोन पंचांगे

आता तारखेकडे. पारसनीसांच्या चरित्रापासून चालत आलेले वर्ष १८३५ आहे. मराठी चरित्रांत येणारी जन्मतिथी कार्तिक वद्य १४, शके १७५७ अशी आहे. शकात ७८ मिळवले, की १८३५ येते.

ही तिथी काशीत आणली, की एक गंमत होते. आमच्या गल्लीत घरातले पंचांग मराठी आणि दुकानदाराचे बनारसी. मराठी महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडचा पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोघांची नावे एकच असतात, म्हणून कार्तिक पौर्णिमेला घाटांवर देवदीपावलीचे दिवे लागतात तेव्हा सगळ्यांचा कार्तिकच असतो. दुसऱ्या दिवशी मात्र आमच्याकडे कार्तिक वद्य सुरू होतो आणि शेजाऱ्यांकडे मार्गशीर्ष. त्यामुळे मराठी पुस्तकातली ‘कार्तिक वद्य १४’ काशीच्या पंचांगात ‘मार्गशीर्ष कृष्ण १४’ होते. कोणी तीच अक्षरे उचलून बनारसी पंचांगात ‘कार्तिक कृष्ण १४’ शोधली, तर तो नरक चतुर्दशीला जाऊन पोचेल, म्हणजे एक महिना आधी. संदर्भ खरा, उतारा अचूक, तरी तारीख चुकली. कारण ‘मराठी, अमान्त पद्धतीने’ एवढे दोन शब्द ओळखीत घातले नाहीत.

पद्धत लक्षात ठेवून ही तिथी घरबसल्या तपासता येते. चंद्राच्या तिथी आणि इंग्रजी तारखा दर १९ वर्षांनी पुन्हा जवळजवळ जुळतात, एखाद्या दिवसाच्या फरकाने. १९ वर्षांच्या दहा फेऱ्या म्हणजे १९० वर्षे. १८३५ मध्ये १९० मिळवले की २०२५. २०२५ ची दिनदर्शिका पाहावी. १९ नोव्हेंबर २०२५ ला सूर्योदयाची तिथी होती कार्तिक वद्य १४. जुळले.

आता १८२८ मध्ये १९० मिळवा. २०१८ येते. १९ नोव्हेंबर २०१८ ला कार्तिकी एकादशी होती, पंढरपूरच्या यात्रेचा दिवस. म्हणजे १९ नोव्हेंबर १८२८ हा दिवसही कार्तिक शुद्ध पक्षातल्या एकादशी-द्वादशीच्या आसपासचा. वद्य चतुर्दशी तिथे बसत नाही. आकाशात एकीकडे जवळजवळ पूर्ण चंद्र आणि दुसरीकडे अमावास्येची आदली रात्र, इतका हा फरक आहे.

यातून काय निघते, ते जपून लिहिले पाहिजे. यावरून राणीचा जन्म १८३५ मध्येच झाला असे सिद्ध होत नाही. कोणीतरी वर्ष चुकीचे सांगितले असेल आणि मग तिथीवरून तारीख बरोबर काढली असेल, हेही शक्य आहे. एवढेच म्हणता येते, की ‘१९ नोव्हेंबर’ ही तारीख जर कार्तिक वद्य १४ वरून काढलेली असेल, तर ती शके १७५७ चीच आहे. तिच्यापुढे ‘१८२८’ लिहिणारा दोन वेगळ्या ठिकाणचे तुकडे एकत्र जोडतो: दिवस एका नोंदीतला, वर्ष दुसऱ्या अंदाजातले. लँगला वकिलाने सांगितलेल्या वयाशी १८२८ हे वर्ष जुळते. पण १९ नोव्हेंबर हा दिवस त्याच्याबरोबर येत नाही.

प्रत्येक संदर्भाची वेगळी ओळख करून दिली नसती, तर ही जोडणी दिसलीच नसती. ‘अनेक पुस्तकांनुसार’ या शब्दांखाली ती झाकून राहते.

आवडता साक्षीदार

आता खरी अडचण. आपल्या वयाच्या मुलामुलींना कोणते वर्ष आवडेल? उघड आहे, १८३५. बावीस वर्षांची राणी घोड्यावर बसून वेढ्यातून बाहेर पडते, हे चित्र आपल्याला जवळचे वाटते. आपल्यापेक्षा फक्त सातएक वर्षांनी मोठी! भाषणात तर ते फार उठून दिसते. म्हणून लँगचा वकील सोडून द्यावा आणि पारसनीस तेवढे घ्यावेत, असा मोह होतो. ज्याला १८२८ लिहायचे आहे, तो तिथीबद्दल गप्प बसेल.

टेहळणीला पाठवलेल्या सेक्शनने परत येऊन अधिकाऱ्याला आवडेल तेवढेच सांगितले, तर काय होईल हे आपल्याला शिकवले आहे. उजवीकडची टेकडी मोकळी दिसली, पण डावीकडे धूर दिसला, तर दोन्ही सांगायचे. कोणता निर्णय घ्यायचा ते ऐकणारा ठरवेल. लेखातही असेच आहे. आपल्या मताविरुद्ध जाणारा साक्षीदार सापडला, तर त्यालाही त्याच मानाने ओळख करून देऊन उभे करायचे. त्याला ‘एक परदेशी लेखक’ म्हणून उडवायचे आणि आपल्या बाजूच्याला ‘थोर इतिहाससंशोधक’ म्हणून मिरवायचे, हा अप्रामाणिकपणा आहे, जरी दोन्ही विशेषणे खरी असली तरी.

आणि राणीचे काय कमी होते? झांशी राखताना ती २२ वर्षांची असो वा २९ वर्षांची, वेढा तोच, तोफा त्याच आणि तिचा निश्चय तोच. तिला मोठे करायला आपल्या सोयीच्या तारखेची गरज नाही.

परिच्छेद कसा उभा राहतो

वरचे सगळे एकत्र केल्यावर प्रकल्पातला पहिला परिच्छेद साधारण असा होतो:

‘राणी लक्ष्मीबाई यांचा जन्म काशीत झाला. जन्मवर्षाबद्दल दोन मते आहेत. राणीच्या मृत्यूनंतर छत्तीस वर्षांनी, १८९४ मध्ये, मराठी चरित्र प्रसिद्ध करणारे द. ब. पारसनीस १८३५ हे वर्ष देतात. मराठी चरित्रांतील तिथी कार्तिक वद्य १४, शके १७५७ (अमान्त) ही १९ नोव्हेंबर १८३५ या तारखेशी जुळते. याउलट १८५४ मध्ये राणीला भेटलेला वकील जॉन लँग, तिचे वय तेव्हा सव्वीस-सत्तावीस असल्याचे आपल्याला सांगण्यात आले, असे १८५९ मध्ये लिहितो. त्यावरून जन्म १८२८ च्या सुमारास येतो. पहिल्या मताला निश्चित तिथी आहे, पण ती नंतर जमवलेली आहे. दुसरे मत राणीच्या हयातीतले आहे, पण ते ऐकीव आणि ठोकळ आहे. म्हणून या प्रकल्पात दोन्ही वर्षे दिली आहेत.’

यात सुंदर भाषा नाही. पण वाचणाऱ्याला कोणी काय, केव्हा आणि कशावरून सांगितले ते कळते. त्याला पटले नाही तर तो स्वतः शोधू शकतो. शिक्षकांनी ‘कशावरून?’ असे विचारले तर उत्तर वहीतच आहे.

घरातल्या आठवणी

पालकांसाठी दोन शब्द. घरातल्या मोठ्या माणसांचे सांगणे हाही संदर्भ आहे, आणि अनेकदा दुसरीकडे न मिळणारा. त्यालाही ओळख हवी. आजी सांगत असतील तर त्यांचे वय, गोष्ट सांगितल्याची तारीख, आणि त्यांना ती कोणाकडून कळली, हे वहीत आधी लिहून घ्यावे. ‘आमच्या घराण्यात सांगतात’ आणि ‘आजींनी लहानपणी स्वतः पाहिले’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. आजींना उलटतपासणी वाटेल असे मात्र विचारू नये. ‘तुम्ही तिथे होता का?’ असे कुतूहलाने विचारले, की त्या स्वतःच सांगतात, ‘छे, मला सासूबाईंनी सांगितलं.’ तेवढे पुरते.

स्वाध्याय

१. ग्वाल्हेरजवळ राणीला वीरमरण आले ती तारीख पुस्तकांत १७ जून १८५८ आणि १८ जून १८५८ अशी दोन्ही प्रकारे मिळते. प्रत्येक तारखेसाठी एक पुस्तक शोधा आणि लेखकाची ओळख दोन वाक्यांत लिहा. लेखक तिथे होता का?

२. ब्रह्मा घाट आणि दुर्गा घाट पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित यांनी अठराव्या शतकात बांधवले असे काशीच्या इतिहासावरील पुस्तकांत येते. हे वाक्य अजून कच्चे आहे. ते पक्के करण्यासाठी कोणते कागद पाहाल? सुरुवात म्हणून: गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली निघालेल्या पेशवे दप्तराच्या ४५ खंडांत काय सापडते ते पाहा.

३. आपल्या मागच्या प्रकल्पातली ‘असे म्हटले जाते’ ही सर्व वाक्ये अधोरेखित करा. प्रत्येकाला चार प्रश्न विचारा. ज्याला एकाही प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, ते वाक्य खोडून टाका. वही थोडी पातळ होईल, पण जे उरेल त्यावर उभे राहता येईल.